टीव्हीत दोष नाही

"अवो, हे नवरी मेली काय?" आशाबाईंनी विचारलं.

टीव्हीवरच्या मालिकेत लग्न चाललं होतं. नवरी हातात हार घेऊन बोहल्यावर उभी होती आणि मागे सनई वाजत होती.

"मेली कायले? लगन लागून राह्यलं ना तिचं," गुणवंतराव म्हणाले.

"मंग निळी काऊन पडली? साप चावल्यावानी दिसून राह्यली."

गुणवंतरावांनी नवरीकडे नीट पाहिलं. नवरी त्यांना गोरीपान दिसत होती. तिचा शालू लाल, हार पिवळा आणि शेजारचा नवरदेवही ठाकठीक होता.

"एचडी हाये हे," ते म्हणाले. "तुले जुन्या डब्याची सवय. खरे रंग पाहाले डोळा तयार करा लागते."

नवा टीव्ही भिंतीवर लागल्याला अजून चहा उकळण्याइतकाही वेळ झाला नव्हता. हा बत्तीस इंची टीव्ही गुणवंतराव नाकाडे यांनी ऑनलाइन मागवला होता, आणि ज्या कंपनीचा मागवला होता तिचं नाव अख्ख्या आरमोरीत कोणालाच नीट घेता येत नव्हतं. तो निवडण्यासाठी त्यांनी सारा पावसाळा मोबाईलमध्ये डोकं घालून काढला होता. बरेलीच्या कोण्या माणसाला आवाज बारीक वाटला, कोईमतूरच्या कोण्या बाईचा रिमोट आठवड्यात बसला, हे त्यांना जवळच्या नातेवाइकांच्या दुखण्यासारखं पाठ होतं. बाजारातल्या सुनिलच्या दुकानातही ते जाऊन आले होते. तिथे त्यांनी एकेक टीव्ही लावायला सांगून पाहिला, सुनिलचा चहा घेतला आणि त्याच्याच पंख्याखाली बसून मोबाईलवर दुसऱ्या टीव्हीची ऑर्डर टाकली.

"भाऊ, वस्तू डोळ्यानं पाहून घ्या लागते," सुनिल तेव्हा एवढंच म्हणाला होता.

"डोळ्यानं पाह्यणारे फसते. अभ्यास करणारे नाई फसत," असं म्हणून गुणवंतराव उठले आणि पुढे चौकातल्या पानठेल्यावर त्यांनी 'दुकानदार लुटते कसे' या विषयावर भाषण दिलं.

गुणवंतराव निवृत्त वाहतूक नियंत्रक. आयुष्यभर बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसून त्यांनी "गाडी येऊनच राह्यली" असं लोकांना सांगितलं होतं. गाडी येवो, न येवो, त्यांचा आवाज कधी डळमळला नाही. निवृत्तीनंतर खिडकी गेली, आवाज राहिला.

संध्याकाळी शेजारचे देवाजी क्रिकेट पाहायला आले. देवाजींची धानाची शेती. त्यांनी खुर्चीत बसून थोडा वेळ सामना पाहिला, मग मान तिरकी करून पाहिला.

"गुणवंतभाऊ, हा सामना कोण्या देशात चालू हाये?"

"नागपुरात. काऊन?"

"नाई, म्हटलं गवत निळं दिसून राह्यलं. अन् पोट्टे बी गारठ्यात काकडल्यावानी दिसते."

"देवाजी, तू जलमभर उन्हात राबला. तुहे डोळे गेले."

"गेले असन," देवाजी म्हणाले. "पण मले माह्या बांधीतले धान तं हिरवेच दिसते बाप्पा."

हा युक्तिवाद गुणवंतरावांना आवडला नाही. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी आशाबाईंनी नागपूरला असलेल्या मुलाला, निकेशला, टीव्हीचा फोटो पाठवला. निकेशचा लगेच फोन आला.

"बाबा, पीस खराब आला. पार निळा मारून राह्यला. मी रिटर्न टाकतो. अजून मुदत हाये, दुसरा देते ते लोक."

गुणवंतरावांनी आशाबाईंच्या मोबाईलवरचा फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. फोटोही त्यांना बरोबर वाटला. "तू तिथून मले सांगून राह्यला काय? टीव्ही माह्यासमोर हाये का तुह्यासमोर?"

"बाबा, मायले निळा दिसते, देवाजीकाकाले निळा दिसते, मले दिसते."

"तिघायनंबी डोळे तपासून घ्या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

निकेशने तरीही अर्ज टाकलाच. कंपनीचा माणूस टीव्ही परत न्यायला गाडी घेऊन दारात आला, तेव्हा आशाबाईंनी घाईघाईने खोकंसुद्धा पुढे आणून ठेवलं. गुणवंतराव दारात आडवे उभे राहिले.

"काय खराबी हाये म्हणून लिहिलं हाये?"

"रंग निळा, असं लिहिलं हाये काकाजी."

"तुमी स्वतः पाह्यला?"

"आमचं काम फक्त न्यायचं हाये जी."

"मंग रिकामे जा. खराब वस्तू परत देते. चांगली वस्तू परत देणारा माणूस मी नाई."

तो माणूस गेला. खोक्यात आशाबाईंनी कांदे भरले. त्याच दुपारी गुणवंतरावांनी मोबाईलवर पाचच्या पाच तारे देऊन आपला अभिप्राय लिहिला : 'रंग अत्यंत नैसर्गिक. ग्राहकांनी दुकानदारांच्या भूलथापांना बळी पडू नये.' एका माणसाला हा अभिप्राय उपयुक्त वाटल्याचं खाली आलं, तेव्हा त्यांनी ते आशाबाईंना नेऊन दाखवलं.

गोष्ट घरात राहिली असती तर निभली असती. पण देवाजींच्या पोटात काही राहत नसे. त्यांनी ती पानठेल्यावर सांगितली आणि पानठेल्यावरून ती सुनिलच्या दुकानात पोचली. सुनिल भला माणूस होता, पण त्यालाही मजा पाहायची होती. तो एका संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन "नवीन टीव्ही पाह्यतो म्हटलं भाऊ" असं म्हणत हजर झाला. त्याने पाच मिनिटं बातम्या पाहिल्या. एक मंत्री उद्घाटन करत होते. त्यांचं तोंड निळं, फीत जांभळी.

"कसा हाये?" गुणवंतरावांनी विचारलं.

"असा टीव्ही माह्या दुकानात एकबी नाई भाऊ," सुनिल मनापासून म्हणाला.

गुणवंतरावांना ते अभिनंदन वाटलं. आशाबाईंना काय ते कळलं, आणि त्या चहा करायला म्हणून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

त्यानंतर नाकाड्यांच्या घरी माणसांची रीघ लागली. वडशाहून आलेले पाहुणेसुद्धा जेवण झालं की "तो टीव्ही पाहून येऊ" म्हणू लागले. जो तो निळा, निळा म्हणे, आणि गुणवंतराव प्रत्येकाच्या डोळ्यांत एकेक आजार काढत. कोणाचे डोळे मोबाईलने खाल्ले होते, कोणाचे तंबाखूच्या खर्र्याने. शेवटी एक दिवस ते पानठेल्यावर गेले असताना मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "निळूभाऊ आले." सगळे हसले. देवाजीसुद्धा हसले.

गुणवंतराव घरी आले ते पेटलेलेच.

"मी आता या गावाचे डोळे तपासून घेतो," त्यांनी जाहीर केलं.

"टीव्ही तपासा ना त्यापरीस," आशाबाई म्हणाल्या. "एक मेकॅनिक आणला तं होते."

"एक टीव्ही खराब असू शकते का सारं गाव? हिशोबानं बोल."

"मी हिशोबानंच बोलून राह्यली."

पण गुणवंतराव कामाला लागले होते. जुन्या ओळखी काढून, गडचिरोलीच्या एका संस्थेकडे खेटे घालून त्यांनी समाजभवनात नेत्रतपासणी शिबिर ठरवलं. चौकात भला मोठा फ्लेक्स लागला : 'आपणास रंग बरोबर दिसतात काय?' खाली 'आयोजक : गुणवंतराव नाकाडे' आणि त्यांचा काळा गॉगल घातलेला फोटो. गल्लीतल्या प्रत्येक घरी ते जातीने गेले. सुनिलला तर हाताला धरून बोलावलं. "तू पहिल्या रांगेत पायजे," ते म्हणाले.

शिबिराला झाडून सगळे आले. डॉक्टर रंजीता मॅडम तरुण होत्या, कामाला चपळ होत्या. त्यांनी एकेकाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, अक्षरं वाचायला लावली, रंगीत ठिपक्यांचे तक्ते दाखवले. गुणवंतराव त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून प्रत्येक निकालाची वाट पाहत होते.

"यांना जवळचा चष्मा लागेल. बाकी छान," मॅडम एका बाईंबद्दल म्हणाल्या.

"रंगाचं पाहा मॅडम, रंगाचं."

"रंग बरोबर ओळखले त्यांनी."

सुनिल बरोबर निघाला. आशाबाई बरोबर निघाल्या. देवाजींची पाळी आली तेव्हा गुणवंतराव मॅडमच्या कानाशी वाकून म्हणाले, "याचं नीट पाहा. हा लय पुढं गेलेला केस हाये."

मॅडमनी देवाजींना दोनदा तपासलं. "काका, या वयात असे डोळे मी पाहिले नाहीत," त्या म्हणाल्या. "वाघासारखे आहेत."

"जंगलाच्या काठाले शेत हाये मॅडम," देवाजी नम्रपणे म्हणाले. "त्यायच्यासारखे ठेवाच लागते."

दुपार कलली. समाजभवनात बसलेल्यांपैकी एकालाही रंगाचा त्रास निघाला नाही. हारतुरे झाले, आभार झाले, आणि मॅडम सामान आवरता आवरता सहज म्हणाल्या, "आयोजकांचे डोळे राहिले की! या काकाजी, बसा."

"माहे कायले?"

"बसा तरी."

गुणवंतराव बसले. मॅडमनी बॅटरी मारली. एकदा या डोळ्यात, एकदा त्या डोळ्यात. मग त्यांनी तक्ता पुढे केला. त्यातला निळा ठिपका गुणवंतरावांनी करडा सांगितला. घरी जायला निघालेले लोक परत खुर्च्यांवर बसले.

"काकाजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे," मॅडम म्हणाल्या. "चांगलाच पिकलाय. यात डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, मग निळा रंग आत नीट पोचतच नाही. घरातल्या कोणाला सांगितलं नाहीत का, निळं दिसत नाही म्हणून?"

समाजभवनात कोणीतरी खोकलं. तो सुनिल होता. मग देवाजी खोकले. मग खोकल्याची साथच आली.

गुणवंतरावांनी आवाज अजिबात डळमळू दिला नाही. "मॅडम," ते म्हणाले, "हे बॅटरी तुमी कोठून घेतली?"

ऑपरेशनला ते तयार नव्हते. पण आशाबाईंनी हट्ट धरला, निकेश नागपूरहून आला, आणि आधी उजवा डोळा, डावा पुढच्या महिन्यात, असं ठरलं. गडचिरोलीला उजव्या डोळ्याचं काम झालं. पट्टी निघाली त्या दिवशी जीपमधून परत येताना गुणवंतराव खिडकीतून बाहेर पाहत होते. धानाच्या गंज्या सोन्यासारख्या पिवळ्या होत्या. नाटकाच्या फ्लेक्सवरचा खलनायक ढळढळीत लाल डोळे करून पाहत होता. वरचं आभाळ इतकं निळं होतं, की त्यांना वाटलं कोणीतरी नुकतंच रंगवून ठेवलंय. आपण इतकी वर्षं चहाच्या पाण्यातून जग पाहत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांनी आशाबाईंकडे पाहिलं.

"हे लुगडं नवं काय?"

"निकेशच्या लगनाआधी साक्षगंधाले घेतलं होतं. चार वर्सं झाली."

"मले मातकट वाटे."

"जांभळं हाये. तुमाले आता दिसलं."

"चांगली दिसून राह्यली," गुणवंतराव हळूच म्हणाले. आशाबाईंनी निकेशने ऐकलं तर नाही ना, म्हणून आधी पुढे पाहिलं आणि मग पदर सारखा केला.

घरी पोचले तर ओसरीवर गल्ली जमलेली. देवाजी खुर्च्या लावत होते. सुनिल पुन्हा पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. डोळ्याची विचारपूस कोणी फारशी केली नाही.

"लावू काय टीव्ही?" देवाजींनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता लावला.

मालिकेत आज बारसं होतं. पाळणा निळा होता. पाळण्यातलं बाळ निळं होतं, बाळाची आई निळी होती, आणि नाव ठेवायला आलेली आत्या तर शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखी होती. गुणवंतरावांना सगळं लख्ख दिसलं. नव्या डोळ्याने त्यांनी शेजारचा सुनिलही तितकाच लख्ख पाहिला. त्याचा एकेक दात मोजता येत होता.

सगळे टीव्हीकडे पाठ करून गुणवंतरावांकडे पाहत होते.

"मंग गुणवंतभाऊ," देवाजींनी शेवटी विचारलं, "कसा दिसून राह्यला?"

गुणवंतरावांचे ओठ हलले. क्षणभर आशाबाईंना वाटलं, की आता खरं बाहेर पडतंय. एक शब्द बोलले असते तर मेकॅनिक आला असता, सुनिलने नवा टीव्ही हसत हसत बसवून दिला असता, आणि गावाने चार दिवस चेष्टा करून विषय सोडला असता.

गुणवंतरावांनी उजवा हात वर केला. डोळ्याला धक्का लागू न देता, काळजीपूर्वक, त्यांनी ऑपरेशन केलेल्या डोळ्यापुढे तळवा धरला. नुसत्या डाव्या डोळ्याने त्यांनी टीव्ही पाहिला. बाळ गोरं झालं. आत्या माणसांत आली.

"झकास," ते म्हणाले. "एक नंबर रंग हाये."

ओसरीवर हसण्याचा असा काही स्फोट झाला, की रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली. सुनिलने हात जोडले, पेढ्यांचा पुडा स्टुलावर ठेवला आणि डोळे पुसत निघून गेला. त्याच्यामागून बाकीचेही पांगले. आशाबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"अन् मंग पुढच्या महिन्यात?" त्यांनी विचारलं. "त्या डाव्या डोळ्याची तारीख?"

"डॉक्टरीणबाईले फोन करून नाई म्हणून सांग," गुणवंतराव तळवा तसाच धरून, बारशाकडे पाहत म्हणाले. "घरात टीव्ही हाये तं पाहाले एक चांगला डोळा पायजे ना."