प्रदर्शनातली ओली भिंत

पडकी इमारत मला लांबूनच कळते. माझ्यासारखीच तीही कुणी विचारत नाही म्हणून उगाच ताठ उभी असते! निवृत्तीनंतर मी कॅमेरा घेतला आणि बंद गिरणी, ओस दवाखाना, छप्पर उडालेली शाळा, जे जे पडायला आलं होतं ते पडण्याआधी टिपलं.

बायको म्हणायची, "अहो, स्वयंपाकघरातली भिंत पाझरतेय. तिच्याकडेही बघा जरा."

"बघतो!" म्हणून मी दवाखान्याकडे निघायचो.

प्रदर्शन ठरलं. मथळे मी लिहून दिले. फोटो निवडून त्यांखाली मथळे लावायचं काम मेव्हण्यानं अंगावर घेतलं. हा उत्साही गृहस्थ. त्याला काम सांगावं आणि देव पाण्यात घालून बसावं!

उद्घाटनाला पोचलो, तर सगळी गर्दी एकाच फोटोसमोर. पोपडे सुटलेली भिंत, ओलीचा हिरवट नकाशा, खिळ्याला लटकलेली एकुलती एक पळी. खाली मथळा: 'इथे आता कुणी राहत नाही.' एक रसिक तर चक्क डोळे टिपत होते.

पळी ओळखीची वाटली. मग आठवलं. नवी लेन्स घरात तपासून पाहताना एक फोटो काढला होता!

मेव्हण्याला कोपऱ्यात घेतलं. "गाढवा, ही तुझ्या ताईची भिंत आहे!"

"तरीच! पण भाऊजी, सगळ्यात पडकी हीच दिसत होती."

तेवढ्यात एका समीक्षकांनी गाठलं. "कुठली हो ही वास्तू?"

"आहे... जरा आडबाजूला."

"माणसं का सोडून गेली असतील?"

"कंटाळून!" मागून आवाज आला. बायको!

तिनं पुढे होऊन मथळा शांतपणे वाचला. दालनभर आरडाओरडा झाला असता तर परवडला असता.

"मी लगेच मथळा बदलतो," मी पुटपुटलो.

"राहू द्या. बरोबर आहे. तुम्ही तिथे फिरकत नाही, आणि मला कोण धरतं मोजणीत?"

दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. गिलावा झाला, रंग झाला. पळी मीच परत टांगली, तीही वाकडी.

परवा समीक्षकांचा फोन आला. "त्या वास्तूचे आणखी फोटो मिळतील?"

"उशीर केलात," मी म्हटलं. "तिथे आता दोघं राहायला आलीत."

"अरेरे! कशी आहेत माणसं?"

"बाई उत्तम आहेत. गृहस्थ सध्या कांदा चिरतायत, आणि जाड चिरला म्हणून बोलणी खातायत!"