विजेच्या पेटीवर चित्रपट कापला त्याची हकीकत

घडले तैसे लिहावे, ऐसी आज्ञा कोणी केलेली नाही. तरी मनगट, माउस आणि मातोश्री या तिहींच्या कारणे जो प्रसंग गुदरला तो पुढील पिढ्यांस ठाऊक असावा, सबब ही हकीकत तपशीलवार लिहिली आहे. वाचणारांनी हसू आवरून वाचावी. न आवरल्यास दोष लेखकाकडे नाही.

त्या समयी घराच्या मागील खोलीत सूनबाईसाहेब, चित्रपट-संकलनाच्या कामी मशहूर, अकरा महिने ठाण मांडून होत्या. सुताची रिळे करणारा एक जुना कारखाना बंद पडला, तेथील कामगार बायकांच्या जबान्यांचा माहितीपट त्या जुळवीत होत्या आणि नव्वद तासांच्या चित्रणातून सत्तर मिनिटे उभी करीत होत्या. माउस नामे सरदार उजव्या हाताशी चाकरीस होता, त्याच सरदाराने फितुरी केली. मनगटात कळ उठली, मग ती कोपरापर्यंत चढली, आणि एके सकाळी चहाचा कपही उचलवेना. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी फर्मान काढले की, सहा आठवडे माउसला बोट लावू नये. लावल्यास पुढील भेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर होईल.

इकडे निर्मातेसाहेबांचा खलिता आला की, तिसऱ्या शुक्रवारी दुपारी चारच्या ठोक्यास चित्रपट रुजू करावा, न जमल्यास काम दुसऱ्या संकलकाकडे जाईल. त्या दुसऱ्याची ख्याती ऐसी की, बोलणारे माणूस श्वास घ्यावयास थांबले तरी हा कात्री चालवी. गप्प माणूस त्यास पडद्यावर सोसत नसे. अकरा महिने जपलेल्या बायका याच्या हाती जाणार, या विचारे, खरे सांगावयाचे तर, सूनबाई न्हाणीघरात नळ सोडून रडल्या.

मग मसलती सुरू जाहल्या. डाव्या हाती माउस देऊन पाहिला, तो बाण पडद्यावर ऐसा सैरावैरा पळाला की नको ते दृश्य उडाले. बोलून हुकूम द्यावे म्हटले, तर संगणक 'काप' म्हणता काही न करी आणि सूनबाईंच्या खावंदांना शिंक आली की चित्र थांबवी. शेवटी खावंदांनीच खबर आणली की, विजेवर चालणाऱ्या वाद्याची पट्टी दाबली की तिचा निरोप तारेतून संगणकास जातो, आणि अमुक पट्टी म्हणजे अमुक काम ऐसे एकदा पढवून ठेवले तर संगणक बिनतक्रार ऐकतो. ऐसे वाद्य घरात होते. परंतु ते ज्यांच्या ताब्यात होते, त्या सासूबाईसाहेब होत्या.

सासूबाईंनी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी गाणे शिकावयास घेतले होते आणि विजेची पेटी त्याच मागल्या खोलीत मांडली होती. रोज सकाळी सात ते आठ कानांस हेडफोन चढवून त्या रियाजास बसत आणि त्या तासात त्यांस कोणी हाक मारीत नसे. घरात त्या तासाचा दबदबा मोठा. पाहुण्यांपुढे खावंद अभिमानाने सांगत की, आमची आई रोज तासभर रियाज करते, एक दिवस खाडा नाही.

सूनबाई तहाचा प्रस्ताव घेऊन गेल्या. वाटाघाटी दोन कप चहा चालल्या आणि येणेप्रमाणे ठरले की, सात ते आठ पेटी सासूबाईंची, पुढे दिवसभर सूनबाईंची. पट्ट्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात, परंतु डिंक लावू नये. आणि पेटीवर चहाचा कप ठेवील त्याची गय नाही. मग पट्ट्यांची नेमणूक जाहली. 'रे'वर कापणे, 'ग'वर कापलेला तुकडा काढून टाकणे, 'प'वर चित्र चालवणे, आणि शेवटच्या काळ्या पट्टीवर केलेले एकेक काम उलटवून मागे जाणे. जतन करण्याची पट्टी कोणती असावी, हा पेच पडला, तेव्हा सासूबाईंनी सल्ला दिला.

"अगं, 'सा'च घे की! कुठेही भटकून आलं तरी तिथेच यायचं असतं."

सल्ला मोलाचा वाटला आणि 'सा' मुक्रर जाहला. ऐसे विष इतक्या मायेने क्वचितच कोणी कोणास दिले असेल.

पहिले दोन दिवस बोटे चुकली. मग हात बसला, आणि उजवे मनगट उशीवर निजवून सूनबाई डाव्या हाताने ऐशा भरधाव सुटल्या की, पंधरवड्यात चित्रपट शेवटास भिडला. शेवटचे दृश्य असे होते की, सर्वांत जुनी कामगार यंत्राचे बटण बंद करते आणि हात तेथेच ठेवून गप्प उभी राहते. ती किती वेळ गप्प ठेवावी, याकरिता सूनबाईंनी गुरुवारची सारी संध्याकाळ तीळ तीळ कापले आणि तीळ तीळ काढले. संगणक मंद पडतो म्हणून कामाच्या जादा नकला आपोआप ठेवण्याची सोय त्यांनी बंद केली होती. काम जतन केले, पडदा विझवला, संगणक तैसाच चालू ठेवला, आणि रोज रात्री काढून ठेवीत ती तार त्या रात्री पेटीतच राहिली.

शुक्रवारी आठ वाजता पडदा उजळला, तो चित्रपटाची धूळधाण उडालेली. बायका अर्ध्या शब्दात तुटत होत्या, वाक्यांची शेपटे भलत्याच तोंडी लागली होती, आणि शेवटच्या दृश्यात यंत्र बंदच होत नव्हते. सासूबाईंनी सकाळच्या रियाजात हर फेरीस सूर वर चढताना एकदा आणि उतरताना एकदा कापले होते, काढले होते, आणि हर खेपेस इमानेइतबारे 'सा'वर येऊन तो सारा विध्वंस जतन केला होता.

सूनबाईंनी जाहलेल्या कामांची यादी उघडली. मागे जाण्याची वाट होती. परंतु संगणकास शेवटची पाचशेच कामे स्मरत, आणि त्यांच्या यादीत एकाखाली एक 'काप', 'काढ' एवढेच लिहिलेले. कालची कापणी कोठे संपली आणि आजची कोठे सुरू जाहली, याची निशाणी नाही. एक पाऊल अधिक मागे गेले तर कालची संध्याकाळ विसकटते, एक कमी पडले तर जखम राहते.

"आई, तुम्ही आज काय वाजवलंत?"

"सरळ सप्तक. वर आणि खाली. गाण्याच्या बाईंनी महिनाभर तेवढंच सांगितलंय." सासूबाईंचा चेहरा उतरला होता. "माझ्यामुळे झालं ना हे?"

"तुमच्यामुळे नाही. तार मी ठेवली." सूनबाईंनी बोटांवर हिशेब मांडला. एका फेरीत चार कामे. तासभरात फेऱ्या शेकड्यांनी. "तासभर म्हणजे हजारावर गेलं, आई. त्याला पाचशेच आठवतात. संपलं सगळं."

सूनबाईंनी डोळे पुसले, परंतु ते पुन्हा भरले. सासूबाई दारापर्यंत गेल्या. बाहेर खावंद बूट घालीत होते, ते निघून जाईतो त्या उंबऱ्याशी खिळून राहिल्या, मग दार लोटून परत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. सहासष्ट वर्षांच्या कारकिर्दीत ऐसी शरणागती त्यांनी कोणापुढे पत्करली नव्हती.

"तासभर नाही वाजवत मी," त्या म्हणाल्या. "पाच-सहा मिनिटं वाजवते. मग नुसती बसते."

"बसता म्हणजे?"

"हेडफोन घालून बसते. काही लागलेलंही नसतं त्यात. पण तो कानावर असला ना, की कोणी काही मागत नाही. पंचा कुठे, किल्ली कुठे, आई हे झालं का, आई ते झालं का. चाळीस वर्षांनी सापडलाय मला हा तास. हसू नकोस."

सूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "फेऱ्या मोजता?"

"मोजते तर! पंचवीस करते, नेमाने. आज सव्विसावी सुरू केली, वर गेले आणि कंटाळून तिथेच सोडली."

पंचवीस चोक शंभर आणि अर्ध्या फेरीचे दोन. एकशे दोन! मग दोघींनी मोर्चा बांधला. सूनबाईंची करंगळी काळ्या पट्टीवर आणि सासूबाईंच्या मुखी आकडे. मध्ये फोन वाजला, तो सासूबाईंनी न पाहता उशीखाली दडपला. चाळीस जाहले, साठ जाहले, बायकांची तुटलेली वाक्ये एकेक करून सांधत आली, शंभर जाहले, एकशे एक जाहले, आणि शेवटचे एक दाबून सूनबाईंनी हात उचलला.

चित्र चालवले. म्हातारीने बटण बंद केले, हात तेथेच ठेवला, आणि ती गप्प उभी राहिली, कालच्या इतकीच, ना तीळ कमी ना तीळ जास्त. पडदा काळा होईतो दोघी एकमेकींचा हात धरून पाहात होत्या. नंतर 'सा' सासूबाईंनी स्वहस्ते दाबला.

चित्रपट तीन वाजून चाळीस मिनिटांनी रुजू जाहला. निर्मातेसाहेबांचे उत्तर आले की, मिळाला, शेवट जरा लांबलाय, पण राहू दे. दुसऱ्या संकलकास फौजेनिशी माघारी फिरावे लागले, किंबहुना त्यास बोलावलेलेच नव्हते, ऐसे मागाहून समजले.

शनिवारी सात वाजून वीस मिनिटांनी साखर संपली. नवा पुडा कोठे ठेवला हे एकट्या सासूबाईंस ठाऊक, म्हणून सूनबाई मागल्या खोलीच्या दारी गेल्या. तार काढून गुंडाळून ठेवलेली होती. सासूबाई हेडफोन चढवून, हात मांडीवर ठेवून, खिडकीबाहेर पाहात बसल्या होत्या. सूनबाई पाऊल न वाजवता परतल्या. खावंदांनी विचारले असता, आईंचा रियाज चाललाय, ऐसा जबाब दिला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मनगट शाबूत राहिले, चित्रपट अखंड राहिला, आणि सासूबाईसाहेब रोज तासभर रियाज करतात, ऐसे दफ्तरी कायमचे नमूद केले. त्या दिवशीचा चहा बिनसाखरेचा होता, तो सर्वांनी निमूट प्यायला.