बबनभाऊंच्या खिशातली शेगडी

बबनभाऊ घराबाहेर पडले की त्यांच्या घरातली निम्मी शेगडी त्यांच्याबरोबर जाते. बर्नर, जाळी वगैरे अवजड ऐवज घरीच राहतो. पण गॅस चालू-बंद करायची दोन्ही बटणं भाऊ उपसून काढतात, बंडीच्या खिशात टाकतात आणि मगच चपला घालतात. त्यामुळे चालताना खिसा खुळखुळतो. आमच्या लोणावळ्याच्या बाजारामागच्या गल्लीत भाऊ दिसायच्या आधी ऐकू येतात.

कारण विचारलंत तर भाऊ घराच्या दाराकडे बोट दाखवतात. तिथे उंबऱ्यावर हनुवटी टेकून बुरन्या पडलेला असतो.

"जनावराला गॅस कळतोय व्हय? पंजा मारला, बटान फिरलं, झालं की! मुका जीव हाय. आपुनच बघायचं. आपुन हाय कशाला?"

"आपुन हाय कशाला?" हे भाऊंचं पालुपद. नळ गळो, कुणाची स्कूटर बंद पडो, कुणाच्या लग्नात वाढपी कमी पडोत, भाऊ हे वाक्य म्हणत बाह्या सरसावतात. काम होतंच असं नाही, पण वाक्य होतं.

आमचं चिक्कीचं दुकान आणि भाऊंचं घर यांच्यात एकच भिंत आहे. मला कुत्र्यांचं प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकते. चिक्कीत केस निघाला तर गिऱ्हाईक कायमचं जातं. भाऊ मूळचे मावळातल्या बेडसे गावचे. त्यांनी जन्मभर मुंबईकरांचे बंगले राखले. त्यातल्या एका मालकानं बंगला विकला, तेव्हा फर्निचर नव्या मालकाला गेलं आणि ब्रूनो नावाचा कुत्रा भाऊंच्या वाट्याला आला. ब्रूनोचा मावळी अवतार म्हणजे बुरन्या. लांबीला बाकडं, उंचीला पाट. पोट जमिनीला घासतं म्हणून तो शक्यतो चालायचंच टाळतो. पायरी आली की तिच्यापुढे बसून रडतो, मग भाऊ त्याला उचलून वर ठेवतात. हा प्राणी नीट डोळ्यांपुढे ठेवा, पुढे लागेल.

सुरुवातीला भाऊंची काळजी अगदी रास्त होती. भाऊंची बायको, आमच्या हौसामावशी, शेगडी जमिनीवर पाटावर मांडायच्या आणि समोर बसून भाकऱ्या करायच्या. बेडशाला चुलीपुढे बसायची सवय, ती गॅस आला तरी मोडली नाही. म्हणजे शेगडी बरोबर बुरन्याच्या नाकासमोर. एकदा सुकटीच्या वासानं वेडा होऊन तो शेगडी आणि भिंत यांच्यामधून घुसला. पुढचा अर्धा कुत्रा सुखरूप बाहेर आला, मागच्या अर्ध्यानं आमटीचं पातेलं कलंडवलं. पाठ चांगलीच भाजली. भाऊंनी त्याला उपरण्यात गुंडाळलं आणि जनावरांच्या दवाखान्यात पळवलं. तिथल्या डॉक्टरांचा हात म्हशींवर बसलेला. एवढ्याशा पेशंटला धरावं कुठं हेच त्यांना कळेना. कुत्रा वाचला, पण पाठीवर तळहाताएवढी जागा बिनकेसांची राहिली ती राहिलीच. भाऊ अजून तिथे रोज खोबरेल लावतात.

मग भाऊंनी ओटा बांधायला काढला. गवंड्यानं विचारलं, "उंची किती धरू?"

"कुत्र्याच्या उडीच्या वर."

गवंड्यानं झोपलेल्या बुरन्याकडे बघितलं. "ह्याची उडी केवढी?"

"आजून मारली न्हाई. पर मारली म्हंजी?"

या न मारलेल्या उडीच्या हिशेबानं ओटा इतका वर गेला, की शेवटी मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्या भाकरी थापू का झेंडावंदन करू?" तेव्हा कुठे दोन थर उतरवले.

पण भाऊंचं शास्त्र वाढतच गेलं. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं भलेमोठे कुत्रे घेऊन आमच्या दुकानी चिक्कीला येतात. भाऊ तिथे हजर. "साहेब, घरी शिजवता तवा भांडं मागच्या बर्नरवर ठिवा. कढईचा दांडा भिंतीकडं. ओट्यावरनं फडकं लोंबू देऊ नगा, कुत्रं तोंडात धरून वढतंय आन वरचा कुकर त्याच्या डोक्यात. उतारलेला कुकर खाली तर ठिवायचाच न्हाई." गिऱ्हाइकं त्यांना जनावरांचे डॉक्टर समजून लसीचं विचारू लागतात. एक बाई तर चिक्की विसरून कुत्र्याचे दात दाखवत बसल्या. मी गल्ल्यावर बसून दात खात होते.

इथवर ठीक होतं. मग एका संध्याकाळी भिंतीपलीकडून गॅसचा वास आला. मी धावत गेले. भाऊ खिडक्या उघडत होते. मावशी मागच्या दारात पदराचं टोक पिळत उभ्या होत्या.

"काय झालं, भाऊ?"

"बुरन्यानं बटान फिरवलं," भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी बुरन्याकडे पाहिलं. तो बाहेरच्या खोलीत खाटेखाली घोरत होता. ओट्याशी पोचायला त्याला दुसऱ्या बुरन्याच्या खांद्यावर उभं राहावं लागलं असतं, आणि त्या दुसऱ्याला तिसऱ्याच्या. मी तसं बोलूनही दाखवलं. "तुला ठावं न्हाई, मंगल," भाऊ म्हणाले. "लय आतल्या गाठीचं हाय त्ये."

दुसऱ्या दिवसापासून बटणं खिशात गेली. आता चहा करायचा तर भाऊ येणार, बटणं बसवणार, चहा होईस्तोवर ओट्याशी उभे राहणार आणि पुन्हा बटणं काढून नेणार. देवळात आरतीच्या ताटात रुपया म्हणून त्यांनी एकदा बटण टाकलं. गुरव ते हातात धरून गल्लीभर विचारत हिंडला. एकदा भाऊ बेडशाला भावकीच्या लग्नाला गेले आणि शेगडी मांडवात जेवून आली. मावशी मात्र माझ्या दुकानात खारी खात बसल्या. मला वाटलं, चिडतील. पण त्या हसून म्हणाल्या, "बरं हाय की, चूल न्हाई तर ताप न्हाई." मोठ्या मायाळू बाई. सकाळी वाटीभर पिठलं देऊन जायच्या आणि घटकाभरानं पुन्हा वाटीभर पिठलं घेऊन यायच्या. मी म्हणायचे, किती जीव लावतात!

मग एके दिवशी भाऊंनी घरातली पक्कड, लायटर आणि काड्यापेटी आणून माझ्या गल्ल्याशेजारी ठेवली. "हितंच ऱ्हाऊ दे. लागंल तवा घिऊन जाईन."

बटण नसलं तरी खालची खुंटी पकडीनं फिरते, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण कुत्र्याला? "भाऊ, बुरन्या आता पक्कड चालवतो?"

"त्याचा काय नेम?" भाऊ म्हणाले आणि खिसा खुळखुळवत निघून गेले. मी दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगून हसवलं.

गोष्ट हसत हसत पार घोरावाडीला पोचली. तिथे भाऊंची लेक सुनंदा दिली आहे. एका रविवारी ती दिराची जीप घेऊन दारात हजर.

"आबा, गॅस सोडणारं कुत्रं कुणी घरात ठेवतं का? तुम्ही दोघं म्हातारी माणसं. उद्या भडका उडाला म्हणजे? दिरांच्या पोल्ट्रीवर राहील तो, राखण करील."

बुरन्या आणि राखण! कोंबड्यांनीच त्याला पंखाखाली घेतला असता. पण सुनंदाचं चुकत नव्हतं. तिनं मलाही बोलावून घेतलं. "मंगलताई, तुम्ही शेजारच्या. सांगा, हा गॅस चालू करतो की नाही?"

मी भाऊंकडे बघितलं. त्यांनी बटणांचा खिसा मुठीत धरला होता. "करतो," ते म्हणाले. "पर त्याला नेऊ नगं."

"का पण?"

भाऊ वाकून बुरन्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले. सुनंदानं बुरन्याला उचलून जीपमध्ये ठेवलं. त्यानं सीटवरून भाऊंकडे पाहिलं, पायरीपुढे बसून पाहतो तसंच. भाऊ दोन पावलं पुढे झाले आणि थांबले. कुत्रा वाचवायचा तर काहीतरी बोलावं लागणार होतं, आणि ते त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

"सुनंदे, त्याला खाली घे." मावशी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "गॅस मी सोडते."

मावशी उंबऱ्यापर्यंत पुढे आल्या.

"बटान फिरवते, काडी घ्याया वळते, आन कशाला वळले त्येच इसरते. दोन-तीन डाव झालं. ह्यांनी त्या मुक्या जिवाच्या नावावर घातलं, म्या घालू दिलं. लाज वाटत व्हती गं. पर माज्यापायी त्यो घर सोडून चाललाय, त्ये बघवंना."

सुनंदा पायरीवरच बसली. भाऊ एकदम तापले. "तुला कुनी इचारलं व्हतं? कशाला बोललीस?"

"अवं, किती दिस झाकाल?" मावशींचा आवाज बारीक झाला. "आज गॅस इसरते. उद्या तुमालाच इसरले म्हंजी?"

"इसर की," भाऊ म्हणाले. "आपुन हाय कशाला?"

मला रडू फुटलं. चिक्कीवाली बाई म्हणजे कडक माल, पण माझं पार पाणी झालं. पिठल्याच्या त्या दुसऱ्या वाट्या डोळ्यांपुढे आल्या. भाऊंनी जीपमधून बुरन्याला उचलून उंबऱ्यावर ठेवलं, आत जाऊन बटणं बसवली आणि म्हणाले, "लेक आलीय. च्या टाक. मी हितं हुबा हाय." मावशींनी चहा टाकला. साखर दोनदा पडली, सगळ्यांनी पुरवून पुरवून प्यायला.

आता सुनंदा मावशींना दवाखान्यात नेते. गोळ्या चालू आहेत. कधी बरं असतं, कधी नसतं. गल्लीला मात्र यातलं काही ठाऊक नाही, आणि इथली नावंही मी खरी सांगितलेली नाहीत. कुणी हसून विचारलं, "खरंच हो, कुत्रा गॅस चालू करतो?" तर मी गल्ल्यावरून ठणकावून सांगते, "मी डोळ्यांनी पाहिलंय. लय आतल्या गाठीचा आहे तो." उंबऱ्यावरून बुरन्या माझ्याकडे बघतो. दुकान बंद करताना मी त्याला भाकरीचा तुकडा नेऊन देते. कुत्र्यांचं प्रेम मला अजून नाही, पण एवढा आळ मुकाट सोसणाऱ्याला भाकरी तरी द्यायला हवी.

कधी चिक्की घ्यायला लोणावळ्याला आलात आणि खुळखुळत्या खिशाचे एक म्हातारे दिसले, तर खुशाल हसा. भाऊंना ते चालतं. फक्त दोष द्याल तो कुत्र्यालाच द्या.