बिनदांड्याचे सोळा डाव

खोतकाका पहिल्यांदा माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "सोळा डाव द्या. बिनदांड्याचे."

डोंबिवलीत माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. फुटपाथवर चादर पसरून सुरुवात केलेली, त्यामुळे घासाघीस मला कुणी शिकवायला नको. पण आमटी वाढायचा डाव दांड्याशिवाय मागणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

"तसे येत नाहीत."

"मग दांड्याचं वजन वजा करा, शेठ!"

तासभर भांडून मी वजन वजा केलं. एवढ्या वर्षांच्या धंद्यात तेवढा एकदाच हरलो. वर दुसऱ्या दिवशी हा माणूस कापलेले सोळा दांडे सुतळीत बांधून हजर! "हे तुमचे. मी फक्त वाट्या घेतल्यात."

"चालते व्हा!" मी ओरडलो. ते दांडे घेऊन हसत गेले.

काका आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर. वीजघरातून रिटायर झालेले. वीज उरली की पाणी डोंगरावर चढवा, नसली की खाली सोडून वीज करा, असं तिथल्या साहेबांना आयुष्यभर सांगत होते. साहेबांनी ऐकलं नाही, म्हणून आता आमची पाण्याची टाकी त्यांच्या तावडीत सापडली.

"उद्या वाऱ्यावर वीज होईल, उन्हावर होईल," ते जिन्यात अडवून सांगत. "पण वारा काय तुमच्या वेळेला येणार? पाणी वर ठेवायचं, शेठ. पाणी म्हणजे वर ठेवलेली वीज!"

आमच्याकडे शुक्रवारी वीज जायची. अशाच एका शुक्रवारी दुपारी मी अंगभर साबण लावला आणि नळ कोरडा पडला. पंचा गुंडाळून खाली धावलो. मागच्या अंगणात माझ्या सोळा वाट्यांचं चाक गरागरा फिरत होतं, त्याला मोटारीचा जुना डायनॅमो जोडलेला. गच्चीवरचं सगळं पाणी त्यावरून खालच्या टाकीत कोसळत होतं.

"पाणी कुठे गेलं?"

"खालीच आहे. वीज आली की पुन्हा वर!"

"आणि माझा साबण?"

"तो आहे तिथेच आहे की."

सोसायटीने ठराव केला, चाक काढायचं. काढायला मी स्वतः तयार झालो. पुढच्या शुक्रवारी दुपारी पाना घेऊन गेलो, तर चाक फिरत होतं आणि काका जागेवर नव्हते. डायनॅमोची वायर त्यांच्या खिडकीतून आत गेलेली. आवाज चढवणार, तेवढ्यात काकांनी आतून ओठांवर बोट ठेवलं.

काकू आजारी असतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्या खाटेवर निपचित होत्या. उशाशी टॅक्सीतला एवढासा पंखा फिरत होता.

"उकाड्यात कळवळते," काका कुजबुजले. "पंधरा मिनिटं चालतो. तेवढ्यात तिला डोळा लागतो."

मी पाना खिशात घातला.

"ते दांडे कुठायत?" मी विचारलं.

काकांनी माळ्यावरून जुडी काढून दिली.

आता शुक्रवारी मी आंघोळ सकाळीच उरकतो, शिव्या देत. दांडे दुकानात गल्ल्यामागे टांगलेत. परवा एका बाईंनी भाव विचारला.

"विकायचे नाहीत!" मी असा खेकसलो की त्या पायरी उतरून गेल्या.