अस्तनीतले दोन निखारे

दाजींच्या मते जगात गुन्हेगार दोनच प्रकारचे: पकडले गेलेले आणि अजून दाजींच्या वाटेला न गेलेले. आपली नजर घारीची, कान सशाचे, नाक मुंगीचं आणि बुद्धी... इथे ते नम्रपणे थांबत, म्हणजे समोरच्याने वाक्य पुरं करावं. त्यांचा मेहुणा ते कधीच पुरं करत नसे. तो घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, पण बहिणीच्या शब्दाखातर दाजींचा 'सहायक' झाला होता, म्हणजे पिशवी धरत होता. दाजींनी आजवर बारा प्रकरणं हाताळली होती. त्यातली अकरा दुसऱ्यांनी सोडवली आणि बाराव्यात तक्रारदारच घर बदलून गेला.

तेरावं प्रकरण दुपारी तीन वाजता वरच्या मजल्यावरून उतरलं. पाणीपुरवठा खात्यातले हेडक्लार्क दारात उभे होते. पाच वाजता त्यांचा निवृत्तीचा समारंभ होता, आणि चेहरा असा की जणू नोकरीवरूनच काढलंय.

"दाजी, माझे कफ सुटलेत."

"वाफारा घ्या," दाजी म्हणाले.

"शर्टाचे कफ हो. दोन कफलिंका चोरीला गेल्यात."

दाजींनी चपला घातल्या. मेहुण्याने पिशवी उचलली.

वर गेल्यावर हकीकत कळली. दूरच्या शहरात नर्स असलेल्या लेकीने बापासाठी खास शर्ट आणि लाल खड्यांच्या कफलिंका पाठवल्या होत्या. बटणाऐवजी मनगटाशी लावायच्या त्या. हेडक्लार्कांनी उजव्या बाहीला दोन लावल्या होत्या, एकीखाली एक, आणि त्या निखाऱ्यासारख्या चमकत होत्या. डावी बाही मात्र भोकाड पसरून लोंबत होती.

"एका बाहीला दोन ठिकाणी काजं," हेडक्लार्क म्हणाले. "म्हणजे दोन बाह्यांना कफलिंका चार. डबीत निघाल्या दोन. लेक ड्यूटीवर आहे, फोन उचलत नाही."

मेहुण्याने डबी उघडून पाहिली. "दाजी, हिच्यात खाचाच दोन आहेत."

"म्हणजे चोराने डबीसुद्धा बदलली," दाजी म्हणाले. "कसलेला दिसतोय."

मग त्यांनी मेहुण्याचं घड्याळजीचं भिंग उलटं धरून शर्ट तपासला. बाह्या हेडक्लार्कांच्या बोटांच्या टोकापर्यंत येत होत्या. त्यावरून दाजींनी सिद्ध केलं की हा शर्ट हेडक्लार्कांचा नाहीच, एखाद्या ताडमाड माणसाचा आहे. पाच मिनिटांनी त्यांनी संशय इस्त्रीवाल्यावर नेला. शर्टाला इस्त्रीच केलेली नाही असं कळल्यावर संशय अधिकच बळावला.

"पार्सल आणलं कोणी?" त्यांनी शेवटी विचारलं.

हेडक्लार्क हळूच म्हणाले, "साडूने. तिकडे गेला होता, तर लेकीने त्याच्याकडे दिलं. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. शिडी नेली होती माझी, परत आणली तेव्हा एक पायरी कमी. काल दारात आला, 'पोरीने दिलंय' म्हणाला आणि पाणीही न पिता गेला. पण आला होता."

"अस्तनीतला निखारा," दाजी म्हणाले, आणि कोणी अडवायच्या आत हेडक्लार्कांच्याच फोनवरून त्यांनी साडूला बोलावून घेतलं.

साडू वीस मिनिटांत हजर झाला. कडक इस्त्रीचा पोशाख, ओले विंचरलेले केस. बिचाऱ्याला वाटलं होतं, समारंभाचं बोलावणं आलंय.

"बाकीच्या दोन कुठे आहेत?" दाजींनी विचारलं.

"बाकीच्या दोन काय?"

"हा प्रश्न विचारणं हाच पुरावा."

साडूने हेडक्लार्कांच्या बाहीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "अकरा वर्षांनी बोलावलंत ते झडती घ्यायला?"

हेडक्लार्कांनी नाही म्हणायच्या आत साडू दाराकडे वळला.

तेवढ्यात आतून हेडक्लार्कांची बायको हात पुसत आली. "अहो, साडेतीन वाजले. आणि हे काय ध्यान? हारतुरे घेताना हात सापडायचे नाहीत तुमचे. बाही लांब आहे तर दुमडावी माणसाने."

असं म्हणून तिने डाव्या बाहीचा कफ पीठ मळताना दुमडतात तसा उलटा दुमडला. वरची काजं खालच्या काजांवर नेमकी बसली. चार थर, आरपार एकच भोक. तिने उजव्या बाहीतली एक कफलिंक काढली, तोही कफ दुमडला आणि उरलेली तिथे नीट बसवली. बाही बरोब्बर मनगटावर आली. काढलेली कफलिंक नवऱ्याच्या हातावर ठेवून ती दूध बघायला आत गेली.

दाजी छताकडे पाहू लागले, जणू चोर तिथे चिकटला असावा.

हेडक्लार्कांनी उजव्या हाताने डावी कफलिंक लावायचा प्रयत्न केला. एकदा जमिनीवर पडली, दुसऱ्यांदा कॉटखाली गेली. साडूनेच वाकून ती काढली, फुंकर मारली. हेडक्लार्कांनी मनगट पुढे केलं.

"एका हाताने जमत नाही," ते म्हणाले. "चुकलं माझं."

साडूने मान खाली घालून ती काजातून सरकवली आणि मागची कडी फिरवली. "घट्ट नाही ना होत?"

"नाही. पाचला आहे. येताय ना?"

"कपडे तर घालूनच आलोय."

जिना उतरताना दाजी म्हणाले, "पाहिलंस? मी त्याला बोलावलं नसतं, तर तो निर्दोष आहे हे कोणालाच कळलं नसतं."

मेहुण्याने त्या वाक्यात चूक शोधायचा दोन जिने प्रयत्न केला. सापडेना तेव्हा त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.