मागे उभे मनोहरपंत

आमचे शेजारी मनोहरपंत कुठलीही वस्तू आधी वाजवून बघतात. कलिंगड सगळेच वाजवतात. मनोहरपंत पेढ्यांचा खोकाही वाजवतात. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी वरपक्षाच्या सुटकेसवर टकटक केली आणि माझ्या कानात म्हणाले, "तळाला पोकळी हाय. नजर ठेवा."

तीस वर्षं जकात नाक्यावर कारकुनी केल्याचा हा परिणाम. जकात कधीच बंद झाली, नाक्याच्या खोलीत आता कुणीतरी चहा विकतं, पण मनोहरपंतांचा नाका चालूच आहे. ट्रकमध्ये रिकामी जागा दिसली की तिथं नक्की काहीतरी दडवलंय, हा त्यांचा सिद्धान्त. पाहुणा असो की गॅसवाला, दारात आला की पहिला प्रश्न, "बिल्टी दाखवा." म्हणजे मालासोबतचा कागद.

मीही काही साधुसंत नाही. आमच्या गावच्या शुक्रवार पेठेत भिंतीला भिंत लावून राहायचं तर शेजारी काय करतो इकडे थोडं लक्ष ठेवावंच लागतं. त्यामुळे गेल्या वर्षी त्यांच्या दारात टेम्पो थांबला आणि सोलापुरी चादरींत गुंडाळलेलं, माणसाहून उंच असं काहीतरी दोघांनी आत नेलं, तेव्हा मी खिडकीतच होतो. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून 'धूम, धूम' ऐकू यायला लागलं. सोबत मोजणं: "एक, दोन, तीन, चार."

"काय मोजतायत हो?" हिनं विचारलं.

"कोण जाणे. पण चारच्या पुढं जात नाहीत."

जकातीचा कारकून आणि चारवर थांबतो! मला चैन पडेना. शेवटी साखर मागायच्या निमित्तानं वाटी घेऊन गेलो. मनोहरपंत एका अवाढव्य व्हायोलिनला मिठी मारून उभे होते.

"ह्याला बास म्हणतात. क्लासनं सरावाला दिलाय. जॅझ शिकतोय," ते म्हणाले. "पुढं एक जण मनाला येईल तसं वाजवतो. मागं पियानो, ड्रम आन् आपण. तिघांनी मिळून त्याचा पाया धरायचा."

पुण्याहून तीन व्यावसायिक वादक दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये हे शिकवायला येत होते. मला यातलं अक्षरही पटलं नाही. कारण मला निखिलची गोष्ट माहीत होती.

निखिल हा मनोहरपंतांचा एकुलता एक मुलगा. बारा वर्षांपूर्वी तो शिकवणीला जातो सांगून एका बँड पार्टीकडे ट्रम्पेट शिकायला जायचा. मनोहरपंतांना संशय आला आणि ते त्याच्या मागावर राहिले. मग पोरगा गल्लीतून चालताना दर दहा पावलांनी मागं वळून बघायचा. एक दिवस भर चौकात त्याला धरून त्यांनी हातातली पेटी उघडायला लावली. बँडवाल्यानं प्रेमानं दिलेलं ट्रम्पेट निघालं. "कुठनं उचललंस? बिल्टी दाखव!" सगळी पेठ बघत होती. मीही बघत होतो, आणि मध्ये पडलो नाही. आठवड्याभरात निखिल पुण्याला गेला. आता दिवाळीला एक फोन, तोही तब्येतीपुरता.

अशा माणसाला म्हातारपणी संगीताचा पुळका? पुढच्या रविवारी मीच त्यांच्या मागावर गेलो.

हॉलमध्ये बास शिकवायला ऋचा मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या.

"काका, तिसऱ्या मात्रेला काही वाजवू नका. जागा रिकामी सोडा."

"का? काय दडवलंय तिथं?"

"काहीच नाही."

"काहीच न्हाय असं नसतंय, मॅडम. आख्ख्या नोकरीत रिकामी जागा तपासल्याशिवाय सोडली न्हाय मी." आणि त्यांनी तिथं दोन सूर कोंबले. ड्रमवाल्यानं कपाळावर हात मारला.

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, ती जागा पुढच्याची आहे. तुम्ही भरून टाकलीत तर त्यानं जायचं कुठं? आणि एक लक्षात ठेवा. पुढचा सारखा मागं वळून बघायला लागला, तर समजायचं त्याचा आपल्यावर भरवसा नाही."

मनोहरपंतांनी तारेवरचा हात काढला. घरी येताना मी त्यांना गाठलं, तेव्हा मात्र म्हणाले, "खरी गोम अजून सांगितली न्हाय ह्यांनी. एवढ्यासाठी कोण पुण्याहून येतंय व्हय?"

खरी गोम मला महिन्याभरानं कळली. समारोपाच्या कार्यक्रमाचा फलक लागला. विद्यार्थ्यांसोबत वाजवणार पाहुणे ट्रम्पेटवादक, निखिल. मी साखरेची वाटी घेऊन सरळ त्यांच्या घरात शिरलो.

"हे काय आहे, पंत?"

"ही शिकवणारी तिघं त्याच्यासंगं वाजवतात," ते बासकडे बघत म्हणाले. "म्हटलं, पोराच्या मागं कोण उभं राहतंय, चौकशी करावी. गेलो आन् अडकलो की."

"मॅडमना सांगितलंत?"

"आडनाव एकच, म्हणून विचारलं त्यांनी, नात्यातला का. लांबचा, म्हटलं."

मला त्यांचा रागही आला आणि दयाही. "पोरगा तुम्हाला बघून निघून गेला तर?"

"जाईल की," ते म्हणाले. त्या दिवशी माझ्या वाटीत त्यांनी साखरेऐवजी मीठ घातलं.

रविवारी सकाळी हॉल भरला. मनोहरपंत इस्त्रीच्या सदऱ्यात बास धरून उभे. निखिल आला, ट्रम्पेट ओठाला लावलं आणि पुढं उभा राहिला. ऋचा मॅडमनी चार मोजले. मला संगीतातलं काही कळत नाही; मी फक्त निखिलची मान बघत होतो आणि तिसरी मात्रा मोजत होतो. दर वेळी ती मोकळी जात होती. मनोहरपंतांच्या कपाळावरून घाम गळत होता, पण एकही जादा सूर नाही. संपल्यावर टाळ्या झाल्या आणि निखिलला तिघांबरोबर लगेच गाडी धरायची होती, तो गेला.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा मनोहरपंत बासला चादर गुंडाळत होते. काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हणालो, "गडबडीत त्यानं तुम्हाला बघितलं नसेल हो."

"बघितलं की. सुरू व्हायच्या आधी. चांगलं डोळ्याला डोळा लावून."

"मग?"

मनोहरपंतांनी चादरीची गाठ मारली आणि वळून माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते.

"मग मागं मी उभा. आन् सबंध गाण्यात पोरगं एकदाबी मागं वळलं न्हाय."