एकही कॉमेंट सुटता कामा नये

आमच्या ऑफिसात ज्याच्या कॉमेंट्स वाचायला मजा येते असा मी एकटाच! हे मीच म्हणतोय, पण कोणीतरी म्हणायला हवं ना? कॉमेंट म्हणजे प्रोग्रॅम लिहिताना ओळींच्या मध्ये पुढच्या माणसासाठी टाकून ठेवलेला निरोप. कॉम्प्युटर तो वाचत नाही. आमच्याकडे माणसंही वाचत नाहीत, हे माझं अकरा वर्षांचं दुःख.

म्हणून साहेब जेव्हा म्हणाले, "कॉमेंट्समधून आपोआप माहितीपुस्तिका बनवणारं एक टूल निवडा आणि पुस्तिका काढा. नीट जमलं तर विभागप्रमुख तुम्हीच," तेव्हा मी घरी जाऊन बायकोला सांगूनच टाकलं, "झालोच समज!"

"मागच्या दोन वेळांसारखं?" ती म्हणाली.

मी आरशासमोर उभा राहून विभागप्रमुखासारखा चेहरा करून बघत होतो.

चाळून चाळून दोन टूल्स उरली. पहिलं फक्त खास खूण केलेल्या कॉमेंट्स उचलायचं. माझ्या शेजारी बसणाऱ्या चष्मेवालीला तेच पसंत. दुसरं मात्र सगळं उचलायचं, प्रत्येक कॉमेंटखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख छापायचं, आणि शेवटी सूची द्यायचं, कोणाचं नाव कुठल्या पानावर! माझा जीव त्या सूचीवर जडला.

"सगळं नका हो घेऊ," चष्मेवाली म्हणाली.

"का?"

"लोक काहीबाही लिहितात त्यात."

"मी नाही लिहीत काहीबाही!"

"तुमचं नाही म्हणत मी..." ती घुटमळली. "निदान मला एकदा नजर टाकू द्या. दोन दिवस फक्त."

दोन दिवस! म्हणजे मेहनत माझी आणि शेवटचा हात फिरवून विभागप्रमुख ही! सहा वर्षं शेजारी बसून बाई जळत होती तर. रोज सगळे गेल्यावर अर्धा तास मागे का थांबते, तेही आत्ता उलगडलं. साहेबांच्या नजरेत भरायला! मी तिच्या डोळ्यांदेखत 'सगळं घ्या'वर टिचकी मारली. तीनशे बारा पानं! न वाचताच बांधून घेतली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. आपलंच लिखाण, त्यात वाचायचं काय?

दुसऱ्या दिवशी बैठक. साहेबांनी पुस्तिका उघडली.

"पान चाळीस. 'ही पद्धत मूर्खपणाची आहे, पण साहेबांचा हट्ट!' खाली तुमचं नाव."

सगळे हसले.

"साहेब, ते फार जुनं..."

"मागच्या महिन्यातलं. तारीख छापतं तुमचं टूल." त्यांनी शेवटचं पान काढलं. "ते सोडा. सूचीत तुमचं नाव एकशे सहा ठिकाणी आहे. त्यातल्या एकोणीस कॉमेंट्स तुमच्या. बाकी सत्याऐंशी दुसऱ्याच्या, तुमच्याबद्दल."

मी सावरून बसलो. सत्याऐंशी! अखेर कोणीतरी कदर केली होती!

साहेब वाचू लागले. "'हे', इथे तुमचं नाव, 'यांनी लिहिलंय. चुकतंय. दुरुस्त केलं. त्यांना सांगू नका, मन लावून करतात बिचारे.' पुढे, 'आजही दुरुस्त केलं.' पुढे, 'पुन्हा तेच.' सहा वर्षं, आणि सगळ्यांखाली नाव एकच."

या वेळी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं! चष्मेवाली खाली बघून चष्मा पुसत होती. मी तिचे आभार मानायला हवे होते. पण खरं सांगतो, मला तिचा संताप आला. त्यातही जास्त संताप त्या 'बिचारे'चा.

घरी बायकोने विचारलं, "कसं निघालं टूल?"

"उत्तम! एकही कॉमेंट सुटली नाही."

विभागप्रमुख अर्थातच चष्मेवाली झाली. आता मागे थांबायची तिला सवड नसते, ती वेळेवर घरी जाते. आणि आमचा प्रोग्रॅम रोज सकाळी बंद पडलेला असतो.